एकोणतिसाव्या रोजाची संध्याकाळ

गेल्या महिन्यात भाचीच्या हळदीला गावी गेले होते. मांडवात बायकांची गाणी सुरू झाली तशी मी कुणाला न सांगता मागच्या वाटेनं बाहेर पडले. आमच्या बेटावर लालमती सोडून फ्लाकच्या दिशेनं निघालं की आमचं गाव लागतं. गाव म्हणजे एक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, टोकाला मशीद आणि मशिदीच्या मागे नजर पोचेल तिथवर ऊस. मशीद आता दुमजली झाली आहे, तिचा हिरवा लाकडी दरवाजा जाऊन काचेचा आलाय. मला मात्र तिच्या मागचा दगडांचा ढीग पाहायचा होता. बोटीनं इथं मजुरीला आलेल्या आमच्या खापरपणज्यांनी या जमिनीतले काळे दगड हातांनी वेचून उसाच्या मधोमध रचून ठेवले होते, दोन पुरुष उंच. पुढे यंत्रं आली आणि दगड हलवले गेले. ढीग होता तिथं आता सपाट ऊस उभा आहे. ढिगाची जागा कुठली ते मला नेमकं सांगता येईना, तरी मी अंदाजानं जाऊन उभी राहिले.

मोटारसायकलवरून जाणारा एक तरुण थांबला. क्रिओलमध्ये, बेटाच्या बोलीत, अदबीनं म्हणाला, "मावशी, कुणाला शोधताय?"

"कुणाला नाही," मी म्हटलं.

त्या जागेवर उभं राहून मी खोटं बोलण्याची ही दुसरी वेळ होती.

*

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. मी तेव्हा चौदाची. कापणीचा मोसम म्हणजे आमच्याकडे थंडीचे दिवस; इथली थंडी जून ते सप्टेंबर. दिवसभर वारा वाहायचा, मधूनच बारीक सर यायची आणि उन्हातच पडून जायची. संध्याकाळी कुठंतरी ऊस पेटवलेला असायचा. त्याची काळी, हलकी राख उडत येऊन दोरीवरच्या कपड्यांवर, आईच्या भाताच्या पातेल्यात, आमच्या केसांत बसायची. कारखान्याकडून काकवीचा जड, गोड वास यायचा. तो इतका रोजचा होता की वारा पडला आणि वास थांबला की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

झुबेदाचं घर आमच्या घराला लागून. मध्ये बांबूचं कुंपण आणि कुंपणात एक भगदाड. ते कुणी पाडलं ठाऊक नाही, पण दोन्ही घरांपैकी कुणीच ते कधी बुजवलं नाही. त्यातून आमच्याकडून पुरणपोळी जायची, तिकडून सेवया यायच्या, आणि दिवसभर आम्ही दोघी ये-जा करायचो. आमच्या घरात मराठी, तिच्या घरात भोजपुरी, आणि आम्हा दोघींची मिळून क्रिओल. भांडताना मात्र जी तोंडाला येईल ती.

शाळा सुटली की झुबेदा मदरशात जायची. मदरसा म्हणजे मशिदीला जोडलेली पत्र्याची पडवी. मी पडवीच्या कठड्यावर बसून तिची वाट पाहायचे. शिकवायचे मियाँजी. गावात त्यांचं नाव कुणी घेत नसे, सगळे मियाँजीच म्हणत. सकाळी ते स्वतःच्या तुकड्यात मिरच्या आणि वांगी लावायचे, दुपारी मुलांना शिकवायचे आणि पाच वेळा नमाज पढवायचे. त्यांच्या पायांच्या भेगांत लाल माती कायमची भरलेली. हौदाच्या कडेला बसून ते पाय धुवायचे, पण एका लोट्यातच. एकदा एका मुलानं नळ सोडून ठेवला तेव्हा ते म्हणाले, "नदीच्या काठावर बसला असलास तरी पाणी लागेल तेवढंच घ्यायचं. नमाज इथूनच सुरू होते."

मला कुणी आत बोलावलं नाही आणि कुणी उठवलंही नाही. मुलं डुलत डुलत पाठ म्हणायची. मला अक्षर कळत नव्हतं, पण मधेच मियाँजी थांबून भोजपुरीत समजावायचे, ते सगळं कळायचं. श्रद्धा म्हणजे काय, असं विचारून स्वतःच उत्तर द्यायचे: घरात कुणी नसताना साखरेच्या डब्याला हात न लावणं. राज्य चालवणं म्हणजे काय, हेही त्यांनी तिथंच सांगितलं. "बकऱ्या राखणारा राखणदार, घर चालवणारी बाई राखणदार, गावाचा निर्णय करणारा राखणदार, आणि देशाचा राजा असेल तर तोही. सगळ्यांना शेवटी एकच विचारणा होणार. तुझ्यावर सोपवलं होतं त्याचं काय केलंस?"

आणि साक्षीबद्दल त्यांनी सांगितलेलं. साक्ष द्यायची वेळ आली तर खरीच द्यायची, मग ती आईबापांच्या विरुद्ध जावो की स्वतःच्या. ते बोलताना त्यांचा आवाज चढला नव्हता. कठड्यावर बसून मी पाय हलवत होते, आणि माझ्या पायाखाली मुंग्यांची रांग एक मेलेला पतंग ओढून नेत होती. हे सगळं मला इतकं स्वच्छ आठवतं की त्या दिवशी मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय उरत नाही.

*

त्या वर्षी रमजान आणि गणपती पाठोपाठ आले. हरतालिका करायला आई दरवर्षी माहेरी, त्रियोलेला जायची आणि गणपती होईपर्यंत आम्ही तिथंच राहायचो. निघायचा दिवस ठरलेला होता. झुबेदा आणि मी बोटांवर मोजलं. एकोणतीस रोजे झाल्यावर चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, म्हणजे मी इथं. नाही दिसला तर तीस रोजे पुरे करायचे, म्हणजे ईदच्या सकाळी मी त्रियोलेच्या बसमध्ये.

झुबेदानं ईदसाठी फिकट निळा कपडा शिवला होता, आणि उरलेल्या तुकड्यातून माझ्यासाठी केसांची फीत. "तू असशील ना?" ती रोज विचारायची.

एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळं गाव मशिदीच्या मागे जमलं. माणसं मशिदीच्या गच्चीवर, बायका आणि आम्ही मुली दगडांच्या ढिगावर. झुबेदाच्या दादीला आम्ही दोघींनी हाताला धरून वर चढवलं. दादीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण दरवर्षी ती चंद्र बघायला यायची. चंद्राकडे तोंड करून दुवा मागायची एवढंच तिला हवं असायचं. पश्चिमेला डोंगरावर ढगांचा थर बसलेला. खाली एक नारिंगी फट, बोटभर. फिलाओची, म्हणजे सुरूची, झाडं वाऱ्यात समुद्रासारखी आवाज करत होती. खजुराचा, तळलेल्या गातो पिमाचा, डाळीच्या तिखट भज्यांचा, वास हवेत होता. रोजा सोडून माणसं तशीच, हात पुसत बाहेर आलेली.

गच्चीवरून हुसेनचाचा ओरडले, "दिसला! मला दिसला!"

हुसेनचाचा कारखान्याच्या लॉरीवर ऊस भरायचे. सगळ्यांनी माना उंच केल्या. दुसऱ्या कुणालाच काही दिसेना. मियाँजी गच्चीवरून शांतपणे म्हणाले, "आभाळ ढगाळ आहे. ईदच्या चंद्राला एका माणसाचा शब्द पुरत नाही. आणखी एक पुरुष हवा, नाहीतर दोन बायका. नीट बघा."

फट मिटत चालली होती. झुबेदानं माझा हात घट्ट धरलेला. तिचा हात गार होता. मी त्या फटीकडे पाहिलं. तिथं ढगाची कड होती, उजळ, थोडी वाकडी. ती ढगाची कडच आहे हे मला दिसत होतं.

"लालीन!" मी क्रिओलमध्ये ओरडले. "तो बघ चंद्र! फिलाओच्या शेंड्याच्या डावीकडे! झुबेदा, तो बघ!"

झुबेदा टाचा उंचावून पाहत राहिली. मग म्हणाली, "हो." पुन्हा, मोठ्यांदा, "हो, दिसला."

"कहाँ? कहाँ बा?" दादी विचारत होती. झुबेदानं तिची हनुवटी दोन बोटांत धरून तिचं तोंड फटीकडे वळवलं. दादीचा चेहरा उजळला. तिनं दोन्ही हात पसरले. "हाँ, देखनी," ती म्हणाली. पाहिला मी.

मियाँजी खाली आले. त्यांनी दादीला बसवून विचारलं, झुबेदाला बाजूला घेऊन विचारलं. आख्ख्या गावात झुबेदाचा शब्द खरा मानला जायचा. मदरशातला मातीचा माठ तिच्या हातून फुटला तेव्हा बघणारं कुणी नव्हतं, आणि ती स्वतः जाऊन सांगून आली होती.

"बेटी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलास?"

"हो, मियाँजी."

त्यांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिनं हो म्हटलं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"तूही होतीस ना तिथं?"

"हो."

"तू आमच्यातली नाहीस, म्हणून तुझी साक्ष मला मोजता येत नाही," ते म्हणाले. "पण खरं-खोटं तुलाही आहे. पाहिलास?"

मला पुढं कितीदा वाटलं, त्यांनी विचारलंच नसतं तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं. लहान पोर म्हणून, दुसऱ्या धर्माची म्हणून मला सोडून दिलं नाही. एका माणसाला विचारावं तसं विचारलं.

मी मान हलवली. "पाहिला."

तेवढ्यात कुणीतरी धावत आलं. रेडिओवर सांगत होते, बेटावर कुठंही चंद्र दिसलेला नाही, ईद परवा. गच्चीवर कुजबुज सुरू झाली. दोघातिघा वडीलधाऱ्यांनी मियाँजींना घेरलं. "सगळ्या देशाबरोबर जाऊ या. उगाच हसं नको." मियाँजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग म्हणाले, "तिघं जण माझ्यासमोर उभे राहून सांगतायत. सोयीचं नाही म्हणून मी त्यांना खोटं ठरवू? या गावाचं माझ्यावर सोपवलंय. उद्या ईद."

पोरांनी एकच गलका केला. झुबेदानं मला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मला पश्चिम दिसत होती. फट मिटली होती.

*

त्या ईदसारखी ईद मी पुन्हा पाहिली नाही. पहाटेपासून भगदाडातून लोबानचा धूर येत होता. मशिदीतून येणारी माणसं एकमेकांना तीन-तीनदा मिठ्या मारत होती. त्यांच्या अत्तराचा वास दुपारपर्यंत रस्त्यावर रेंगाळला. अंगणात विटांच्या चुलीवर बिर्याणीची देग. तिचं झाकण कणकेनं बंद केलेलं, आणि ते उघडलं तेव्हा केशराची, तळल्या कांद्याची वाफ अशी उसळली की सगळी पोरं एकदम ओरडली. दादीनं मला जवळ बसवून स्वतःच्या हातानं सेवया भरवल्या. दुधात भिजलेल्या, बदामाचे काप घातलेल्या. "तोहार आँख से हमहूँ देख लेनी," ती म्हणाली. तुझ्या डोळ्यांनी मीही बघून घेतला.

मी खाल्लं. पोटभर खाल्लं. केसांत निळी फीत होती. मला तेव्हा अपराधी वाटलं, असं इथं लिहिता आलं तर किती बरं होईल. पण नाही वाटलं. मी सुखात होते.

संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. माणसं ईदच्या कपड्यांत रस्त्यावर गप्पा मारत उभी होती. एक लहान मुलगा आनंदानं ओरडला, "लालीन! लालीन!"

सगळ्यांनी पाहिलं. डोंगराच्या माथ्याला टेकल्यासारखी चंद्राची कोर होती. दोऱ्यासारखी बारीक. बघता बघता मावळायला निघालेली. आदल्या दिवशी दिसलेला चंद्र दुसऱ्या दिवशी असा नसतो, तो जाड असतो, वर असतो. हे कुणी बोललं नाही. शेतात वाढलेल्या माणसांना ते बोलून दाखवावं लागत नाही. रस्ताभर आवाज थांबत गेले. नवे कपडे घातलेली माणसं, मेंदीचे हात, आणि समोर तो पहिल्या दिवसाचा चंद्र.

झुबेदानं माझ्याकडे पाहिलं. मी फितीची गाठ सोडवत राहिले.

मियाँजी मशिदीच्या पायरीवर आले. टोपी नीट केली. "चूक माझी," ते म्हणाले. "साक्ष मी मान्य केली, निर्णय मी दिला. रेडिओचं ऐका म्हणून तुम्ही सांगत होता, मी नाही ऐकलं. आपला एक रोजा गेलाय. तो प्रत्येकानं पुढं भरून द्यायचा. ज्यांनी साक्ष दिली त्यांना कुणी बोलायचं नाही. उद्या ईदची नमाज होईल, पण ती मी पढवणार नाही. ज्याच्या निर्णयानं गावाची इबादत मोडली त्यानं पुढं उभं राहू नये."

त्यांनी पायरी उतरताना कठड्याला हात लावला. त्यापूर्वी त्यांना आधार घेताना मी कधी पाहिलं नव्हतं.

घरी बानं खिळ्यावरचं पंचांग काढलं. ते दरवर्षी मुंबईहून टपालानं यायचं. बोट ठेवून त्यानं पाहिलं आणि मला हाक मारली.

"काल अवस होती गो. चंद्र कुठनं बघितलंस तू?"

मी फीत बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"बघितलंस की नाही?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाला काय ते कळलं. त्यानं पंचांग परत खिळ्याला अडकवलं. मला वाटलं, आता माझा हात धरून मियाँजींकडे नेईल. माझं सगळं अंग त्याची वाट बघत होतं. भीतीनं, आणि थोडं आशेनंही.

"सकाळी लवकर निघायचंय," तो आईला म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "कुठं बोलू नको. त्यांचं ते बघतील."

*

सकाळची बस मशिदीवरून जायची. सगळ्या बेटावर ईद होती. आमच्या गावची माणसं नमाजेला निघाली होती ती कालच्याच कपड्यांत, बाहीवर बिर्याणीचे डाग पडलेले, चुरगळलेले. मिठ्या मारत नव्हती. मागच्या ओळीत, हौदाजवळ, मियाँजी उभे होते. पुढच्या गावापासून मात्र प्रत्येक थांब्यावर इस्तरीचे पांढरे झगे, जरीच्या टोप्या, हसणारी पोरं बसमध्ये चढत होती, आणि बस अत्तरानं भरून गेली. मी खिडकीला कपाळ लावून त्रियोलेपर्यंत डोळे मिटून बसले.

चतुर्थीच्या संध्याकाळी मामाच्या अंगणात मोदकांची वाफ होती, आरती होती, झांजा होत्या. आरती झाल्यावर मामीनं आम्हा पोरांना आत घेतलं. आज चंद्र बघायचा नाही, बघितला तर खोटा आळ येतो. मग तिनं त्या आळाची गोष्ट सांगितली. ज्याच्यावर आळ आला त्याचे किती हाल झाले, हे मामी रंगवून सांगत होती, आणि पोरं डोळे विस्फारून ऐकत होती. आळ ज्यांनी घेतला त्यांचं पुढं काय झालं, हे मी विचारलं. "त्यांचं काय व्हायचंय?" मामी म्हणाली, आणि मोदक वाढायला उठली.

परत आले तेव्हा भगदाड तसंच होतं, पण झुबेदा त्यातून येईनाशी झाली. हुसेनचाचांनी सरळ सांगून टाकलं होतं, मला भास झाला असेल. कुणी त्यांना काही म्हटलं नाही. झुबेदाचं नाव मात्र पोरांनी 'लालीन' पाडलं. ती रस्त्यानं जाताना मागून कुणीतरी "लालीन कुठाय गो?" करून ओरडायचं. मियाँजींनी बजावलं तरी. तिनं मान खाली घालून चालायला सुरुवात केली ती तेव्हापासून. मी तिच्या मागून चालायचे, वीस पावलं अंतर ठेवून. एकदाही त्या पोरांना म्हटलं नाही की ते नाव माझं आहे.

दादी त्या वर्षाच्या शेवटी गेली. अंथरुणावर पडल्या पडल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हम देखनी. हम देखनी." ऐकणारे बाहेर येऊन मान हलवायचे. मरायला टेकली तरी खोटं सोडत नाही, असं एक बाई आमच्या अंगणात उभी राहून आईला म्हणाली. आई तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली.

*

पुढं मी शिक्षिका झाले, लग्न होऊन कात्र बोर्नला आले. वर्गातल्या मुलांना खोटं बोलण्याबद्दल रागावायची वेळ आली की माझे शब्द अडकायचे. लग्नाच्या आठव्या वर्षी मी गावी गेले आणि घरी जायच्या आधी मियाँजींच्या मिरच्यांच्या तुकड्यात गेले. ते खूप म्हातारे दिसत होते. उकिडवे बसून रोपांना काठ्या बांधत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांचे हात थांबले नाहीत, पण एकच गाठ ते पुन्हा पुन्हा बांधत होते.

"इतकी वर्षं," शेवटी ते म्हणाले, "मी विचार करत होतो, झुबेदाचा शब्द मी ओळखला कसा नाही."

"चूक माझी होती, मियाँजी. तुम्ही का बाजूला झालात?"

"तू खोटं बोललीस ते तुझं. मी निर्णय दिला तो माझा. याचं त्याला देता येत नाही." ते लोट्यातल्या पाण्यानं हात धुवायला लागले. "माझ्यापुरतं मी सोडलं. आत्ता, इथंच. पण ऐक. अल्लाहचा जो हक्क मोडला त्याची माफी तो देईल. माणसाचा हक्क मोडला तर तो त्या माणसानंच सोडावा लागतो. दुसऱ्या कुणाच्या हातात नसतं ते. झुबेदाकडे गेलीस?"

"नाही. मी मशिदीत सगळ्यांसमोर सांगू का?"

"सांगून तुला हलकं वाटेल," ते म्हणाले. "तिला काय हवंय, ते आधी तिला विचार."

*

झुबेदा लग्नानंतर पोर्ट लुईला, प्लेन व्हर्तमध्ये राहत होती. स्वेटरच्या कारखान्यात कामाला जायची. त्या काळात गावोगावच्या मुली जायच्या तशी. मी रविवारी गेले. अरुंद जिना, वर दोन खोल्या. तिनं दार उघडलं तेव्हा तिच्या बाहीवर लोकरीचे तंतू चिकटलेले होते. ती मला ओळखून दारातच थांबली. मग म्हणाली, "ये."

रमजान सुरू होता हे मला तिच्या सुकलेल्या ओठांवरून कळलं. तरी तिनं चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः पलीकडे बसली. नको नको म्हणतच मी तो कप हातात घेतला, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

मी सांगितलं. ढगाची कड होती, मला माहीत होतं, मला ईदला राहायचं होतं. मी थांबल्यावर ती क्रिओलमध्ये म्हणाली, "मो ओसी, मो पा ती त्रूवे."

मीसुद्धा पाहिला नव्हता.

"तू बोट दाखवलंस. तुला दिसतोय म्हणजे असणारच, असं मला वाटलं. मियाँजींनी तीनदा विचारलं. तीनदा मी खोटं बोलले. त्याची तौबा मी केली, रोजा भरून दिला. ते तुझ्या डोक्यावर नाही."

मला रडू आलं. वाटलं, झालं. मी तिचा हात धरायला पुढं झाले. तिनं हात मागं घेतला नाही, पण पुढंही केला नाही.

"आणि मला जे बोलले लोक," ती म्हणाली, "तेही मी सोडलं. लहान होतीस. पण दादीचं काय?"

माझा हात परत कपाकडे गेला.

"दादीला त्या दिवशी सूर्यसुद्धा दिसत नव्हता. तिचं तोंड मी वळवलं. तू म्हणालीस म्हणून मी, मी म्हणाले म्हणून ती. ती शेवटपर्यंत 'देखनी, देखनी' म्हणत राहिली, ते का माहीत आहे? तिनं पाहिला नाही म्हटलं असतं तर मी खोटी ठरले असते. माझ्यासाठी ती खोट्यावर मेली." तिनं पदराच्या टोकानं ओठ पुसले. "तिचा हक्क मी कसा सोडू? तो माझा नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी पाव विकत होतं. त्याचा भोंगा दोनदा वाजला. मी चहा संपवला. तो गार झाला होता. ती उपाशी होती आणि मी तिच्यासमोर बसून शेवटच्या घोटापर्यंत तो प्यायले, कारण कप परत ठेवला असता तर उठावं लागलं असतं.

आतल्या खोलीतून तिची पाच-सहा वर्षांची मुलगी डोळे चोळत आली. मला पाहून आईच्या गुडघ्याला चिकटली आणि विचारलं, "मम्मा, कोण ही? तुझी कामराद?"

मैत्रीण का, असं ती विचारत होती. झुबेदानं तिचे केस मागं सारले. ती शब्द निवडत होती, जसं कुणी साक्ष देताना निवडतं.

"आमच्या गावची आहे," ती म्हणाली.

मी मान हलवली. तेवढं तरी खरं होतं.